आंब्याची घाई आणि बाजाराची शिस्त

हापूसचा हंगाम आला की चर्चा होते ती दराची. पाडव्याला पेटी कितीला गेली, अक्षय्य तृतीयेपर्यंत भाव कोठवर उतरेल, हे सारे विचारले जाते. पेटीतील फळ उतरविताना तयार होते काय, हे मात्र क्वचितच. वस्तुतः आंब्याची प्रत ठरते ती झाडावर. पुढील साऱ्या व्यवस्थेला ती फार तर टिकविता येते, वाढविता येत नाही.

आंबा काढल्यानंतरही पिकतो, कारण फळ स्वतःच इथिलीन वायू निर्माण करते आणि त्यातील पिष्टाचे साखरेत रूपांतर होते. परंतु पिष्टच पुरते भरलेले नसेल तर साखर यावी कोठून? कोवळे फळ पिवळे होते, मऊही पडते. गोडी मात्र येत नाही. उलट, झाडावर फार काळ ठेवलेल्या हापूसला साक्याचा धोका असतो. म्हणूनच कोकणात 'चौदा आणे' तयार फळ काढण्याचा दंडक आहे. खांदे भरलेले, देठाशी किंचित खोलगट आणि पाण्यात बुडणारे, ही त्याची लक्षणे. देठासह फळ उतरविणारा 'नूतन' झेला दापोलीच्या कृषी विद्यापीठाने केव्हाच तयार केला आहे. तेव्हा प्रश्न अज्ञानाचा नाही.

प्रश्न आहे तो किमतीचा. हंगामाच्या प्रारंभी चढा असलेला भाव आवक वाढताच घसरतो. त्यात दलालाकडून उचल घेतलेली असली की थांबणे अधिकच कठीण. शिवाय फळाचे अंतरंग ग्राहकाला दिसत नाही. अशा बाजारात निकृष्ट माल उत्कृष्ट मालाला हुसकावतो, हे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्येच दाखवून दिले. जो बागायतदार थांबतो, त्याला थांबण्याचे मोल मिळत नाही.

यावर शीतगृहे आणि पिकवणगृहे हा उपाय सांगितला जातो. तो अपुरा आहे. कॅल्शियम कार्बाइडवर बंदी आहे आणि ती योग्यच आहे. २०१६ पासून इथिलीन वायूच्या मर्यादित वापरास मुभा मिळाली, हेही इष्ट. पण इथिलीन कोवळ्या फळात गोडी भरू शकत नाही. शीतगृहाचेही तसेच, सुमारे १३ अंश सेल्सियसखाली फार दिवस ठेवलेला आंबा थंडीनेच बिघडतो. हापूसला २०१८ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन फळाचा प्रदेश सांगते, त्याची पक्वता नव्हे.

कॅलिफोर्नियात अवोकाडोच्या पक्वतेचा किमान निकष १९२५ पासून कायद्याने ठरलेला आहे. हापूसच्या बाबतीत असे का होऊ नये? बाजार समित्यांनी लिलावापूर्वी प्रत्येक लॉटमधील काही फळे कापून तपासावीत, पक्वतेनुसार प्रत लावावी आणि ती पेटीवर छापावी. अर्थात, केवळ तपासणीने छोट्या बागायतदाराची नड भागणार नाही. त्याला मोहोर ते काढणी या काळासाठी सहकारी पतपुरवठा मिळाला, तरच तो दलालाच्या उचलीतून सुटेल. या दोन्ही गोष्टी एकत्र झाल्या पाहिजेत. अन्यथा चढ्या भावाने घेतलेला पहिलाच आंबा आंबट निघेल, ग्राहक पाठ फिरवील आणि त्याचा भुर्दंड चौदा आण्यांची वाट पाहणाऱ्या बागायतदारालाच सोसावा लागेल.