दोषी कोण?

‘यंत्र बिघडले’ असे आपण सहसा म्हणत नाही; ‘कोणी बिघडवले?’ असे विचारतो. संगणकाच्या बाबतीत तर हा प्रश्न हमखास येतो आणि नेमका नवख्याच्याच अंगावर येतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. एका केंद्रावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना पडदा एकाएकी निळा झाला, तेव्हा ‘काय दाबलंस?’ असे मला दरडावण्यात आले. यंत्राला कोणी काही विचारले नाही. म्हणून हे चार शब्द.

संगणकातली कार्यप्रणाली म्हणजे घरची कारभारीण. स्मृती, डिस्क, छपाईयंत्र कोणाला केव्हा द्यायचे हे ती ठरवते. आपण वापरतो ते प्रोग्राम ओसरीवर बसतात. त्यातला एक कोलमडला, तर तेवढाच बंद पडतो. पण यंत्राचा एकेक भाग चालवणारे ‘ड्रायव्हर’ थेट माजघरात वावरतात. तिथे चूक झाली, की साठवलेली माहिती नासू नये म्हणून कारभारीण सगळेच काम थांबवते. तोच तो निळा पडदा. (विंडोज ११ मध्ये २०२५ साली तो काळा झाला.) सदोष ड्रायव्हर, बिघडलेली रॅमची पट्टी, झिजलेली डिस्क, फाइल लिहिली जात असताना गेलेली वीज ही त्याची नेहमीची कारणे. ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ म्हणजे तर बहुधा एवढेच, की प्रोग्राम कशाची तरी वाट पाहत अडकला आहे.

१९ जुलै २०२४ चे उदाहरण घ्या. क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या संरक्षक प्रोग्रामसाठी एक नवी फाइल जगभर पाठवली. त्या प्रोग्रामला २० गोष्टी पुरवल्या जात होत्या. नव्या फाइलमुळे तो एकविसावी शोधायला गेला आणि आपल्या हद्दीबाहेरची स्मृती वाचू लागला. सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. आपल्या देशातही काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. त्या ८५ लाख ठिकाणी बसलेल्यांपैकी कोणी काय चुकीचे दाबले होते?

पेनड्राइव्ह मध्येच ओढला तर फाइल खराब होऊ शकते, हे मला मान्य आहे. पण हे आधी शिकवायचे, की नंतर ओरडायचे? यंत्राची भाषाही कमी दोषी नाही. विंडोज ९५ च्या काळात प्रोग्राम कोसळला, की त्याने ‘इल्लीगल ऑपरेशन’ केले आहे, असा संदेश येई. चूक प्रोग्रामची, आणि बेकायदा हा शब्द वाचून घाबरायचे समोर बसलेल्या माणसाने! विंडोज मराठीत वापरता येते. पण मी पाहिलेल्या एकाही केंद्रावर ती मराठीत नव्हती.

आम्हा कलाशाखेच्या मुलांना ‘तुम्हाला यातले काय कळणार?’ असे सर्रास ऐकवले जाते. माझे म्हणणे एवढेच, की कारण विचारायला शाखा लागत नाही. आज प्रवेश, परीक्षा, शिष्यवृत्ती सारेच संगणकातून जाते. तिथे जो घाबरून उठला, त्याचा अर्ज राहिला. तेव्हा मित्रमैत्रिणींनो, पडद्यावर जो संदेश येईल, तो अक्षरशः वहीत उतरवून घ्या आणि केंद्रचालकाला त्याचा अर्थ विचारा. ‘काय दाबलंस?’ या प्रश्नाला तेच खरे उत्तर आहे.