‘माहीत नाही’ म्हणण्याची परंपरा

रमजान सुरू झाला की कचेरीतल्या, कॉलेजातल्या मुस्लिम सहकाऱ्याभोवती प्रश्नांची गर्दी होते. पाणीसुद्धा चालत नाही का? इंजेक्शन घेतले तर रोजा तुटतो का? विचारणाऱ्याच्या मनात कुतूहल असते, आपुलकीही असते. पण ज्याला विचारले जाते तो अवघडतो. स्वतःच्या धर्मातले एवढेही ठाऊक नाही असे दिसायला नको, म्हणून तो ऐकीव गोष्ट ठामपणे सांगून मोकळा होतो.

इस्लामी परंपरेत मात्र ‘माहीत नाही’ या उत्तराला मोठा मान आहे. ज्यांच्या नावाने मालिकी विचारपरंपरा ओळखली जाते, ते मदिनेचे इमाम मालिक (निधन इ.स. 795) यांना एकदा 48 प्रश्न विचारले गेले आणि त्यांपैकी 32 प्रश्नांना त्यांनी ‘ला अदरी’, म्हणजे ‘मला ठाऊक नाही’ असे उत्तर दिले, असे सांगितले जाते. आजही मुफ्ती फतव्याच्या शेवटी ‘वल्लाहु आलम’ लिहितात. खरे काय ते अल्लाहच अधिक जाणतो, असा त्याचा अर्थ.

ही सावधगिरी का, हे अबू दाऊद यांच्या हदीस संग्रहातील एका प्रसंगावरून कळते. प्रवासात एकाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. पुढे त्याला धर्मनियमाप्रमाणे स्नान करण्याची वेळ आली. पाण्याऐवजी मातीने शुद्धी केली तर चालेल का, असे त्याने सोबत्यांना विचारले. पाणी उपलब्ध असताना सवलत नाही, असे त्यांनी परस्पर ठरवून टाकले. तो नाहला आणि दगावला. हे कळल्यावर पैगंबर संतापले. यांनीच त्याचा जीव घेतला, ठाऊक नव्हते तर विचारायचे होते, असे त्यांनी सुनावले.

आज मधुमेही रोजेदाराला कुणी सांगते, बोटातून रक्त काढून साखर तपासली तर रोजा तुटतो. बहुतेक उलेमांच्या मते तो तुटत नाही. पण ऐकणारा तपासणी टाळतो आणि साखर उतरल्याचे वेळेवर कळत नाही. कुरआनने आजाऱ्याला रोजे पुढे ढकलण्याची मुभा दिली आहे, ही गोष्ट बाजूलाच राहते.

तेव्हा ‘नक्की ठाऊक नाही, विचारून सांगतो’ एवढे म्हणावे आणि खरोखर विचारावे. मसला मुफ्तींना, औषधाचे डॉक्टरांना. विचारणाऱ्यानेही एक दिवस थांबावे. ठाम सुरातल्या चुकीच्या उत्तरापेक्षा ते नक्कीच बरे.