तीस तासांचे बीजगणित

नांदगाव (जि. नाशिक) : बारावी विज्ञान उत्तीर्ण होऊन पदवीच्या पहिल्या वर्षात दाखल झालेल्या विद्यार्थ्याला गणितात पहिली ठेच लागते ती बहुधा बीजगणितात. कलन किंवा भूमिती यांची वाट निदान ओळखीची असते. बीजगणित मात्र जुनेच नाव धारण करून अगदी नव्या रूपात समोर उभे राहते. शाळेत ज्या विषयाने हमखास गुण दिले, तोच विषय महाविद्यालयात अनेकांचा गणिताशी असलेला संबंध तोडतो. नांदगावसारख्या तालुक्याच्या ठिकाणी ही गोष्ट अधिक गंभीर ठरते. याच महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या गणित पदवीधरांमधून तालुक्याच्या माध्यमिक शाळांना उद्याचे गणित शिक्षक मिळायचे असतात.

त्यामुळे पहिल्या वर्षाच्या बीजगणिताचे नियम कोणते, त्या नियमांमागील अपेक्षा कोणत्या आणि त्या पूर्ण होण्याजोगी परिस्थिती आहे काय, हे प्रश्न केवळ गणित विभागापुरते मर्यादित राहत नाहीत.

वर्षाचे सत्र झाले

नाशिक जिल्ह्यातील पदवी महाविद्यालये प्रामुख्याने सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. या विद्यापीठाच्या विज्ञान शाखेत प्रथम वर्षाची परीक्षा २०१९पर्यंत वार्षिक पद्धतीने होत असे. बीजगणित पचवण्यासाठी, न समजलेला भाग दिवाळीनंतर पुन्हा पाहण्यासाठी विद्यार्थ्याच्या हाती मार्च-एप्रिलपर्यंतचा अवधी असे. २०१९च्या आराखड्याने श्रेयांक पद्धत आणि सत्र परीक्षा आणली. बीजगणित ही पहिल्या सत्रातील दोन श्रेयांकांची स्वतंत्र विषयपत्रिका झाली. एका श्रेयांकाला अध्यापनाचे पंधरा तास, या हिशेबाने संपूर्ण विषयाला तीस तास.

या तीस तासांत संबंध व फलन, पूर्णांकांची विभाज्यता, महत्तम साधारण विभाजक, भागाकारातील बाकी सारखी असणाऱ्या संख्यांचे म्हणजेच समशेषतेचे गणित असे घटक येतात. यादी लांब नाही. अडचण आहे ती अपेक्षेच्या पातळीत. दहावीच्या 'गणित भाग १'मध्ये वर्गसमीकरण सोडवायचे असते, अंकगणिती श्रेढीचे पद काढायचे असते. पदवीच्या वर्गात 'सोडवा'ऐवजी 'सिद्ध करा' हा शब्द येतो. उत्तर काढण्याची सवय असलेल्या विद्यार्थ्याला आता कारण द्यायचे असते. या बदलाची पूर्वसूचना त्याला अकरावी-बारावीत फारशी मिळालेली नसते. अभियांत्रिकीसाठीच्या राज्य प्रवेश परीक्षेत गणिताचे पन्नास बहुपर्यायी प्रश्न असतात. तेथे योग्य पर्याय निवडला की काम भागते. दोन वर्षे त्या तयारीत घालवलेल्या विद्यार्थ्याकडून सिद्धतेची सवय आपोआप येण्याची अपेक्षा धरता येत नाही.

देवळालीच्या शिक्षकाचे उदाहरण

हा फरक समजण्यासाठी नाशिक जिल्ह्यातीलच एक उदाहरण पुरेसे आहे. देवळालीच्या शाळेत आयुष्यभर शिक्षकी केलेल्या द. रा. कापरेकर यांनी ६१७४ या संख्येचा गुणधर्म १९४९ मध्ये मद्रास येथील परिषदेत मांडला. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी आणि येणाऱ्या उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करावी. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या मिळते. २०२४ ही संख्या घेतली तर ४२२० वजा ०२२४ म्हणजे ३९९६, पुढे ६२६४, मग ४१७६ आणि अखेर ६१७४.

ही आकडेमोड पाचवीतला मुलगाही करील. मधल्या पायऱ्यांवर येणारी प्रत्येक संख्या नऊने विभाज्य असते, हेही थोड्या निरीक्षणाने त्याच्या लक्षात येईल. पण ती नेहमीच तशी का असते, हे सांगायचे तर एखाद्या संख्येचे अंक कसेही फिरवले तरी तिला नऊने भागल्यावर उरणारी बाकी बदलत नाही, हे आधी सिद्ध करावे लागते. समान बाकी असलेल्या दोन संख्यांची वजाबाकी केली की ती बाकी नाहीशी होते. पदवीच्या पहिल्या सत्रातील समशेषतेचा धडा तो हाच. शालेय बीजगणित आणि महाविद्यालयीन बीजगणित यांतील अंतर 'होते' आणि 'का होते' यांमधील आहे. ते अंतर तीस तासांत कापायचे आहे.

उदार गुणांचा उपयोग नाही

नियमांकडे पाहिले तर चित्र आणखी स्पष्ट होते. २०१९च्या आराखड्यानुसार पन्नास गुणांच्या विषयपत्रिकेत पंधरा गुण अंतर्गत मूल्यमापनाचे आणि पस्तीस विद्यापीठ परीक्षेचे ठेवण्यात आले. उत्तीर्ण होण्यासाठी दोन्हींत स्वतंत्रपणे चाळीस टक्के, म्हणजे पंधरापैकी सहा आणि पस्तीसपैकी चौदा गुण आवश्यक झाले. अंतर्गत मूल्यमापनात सढळ हाताने गुण देण्याची प्रथा अनेक महाविद्यालयांत रूढ आहे. तिने विद्यार्थ्याचे भले होते, असा समज आहे. प्रत्यक्षात अंतर्गत परीक्षेत पंधरापैकी पंधरा आणि विद्यापीठ परीक्षेत तेरा गुण मिळवणाऱ्याची बेरीज अठ्ठावीस, म्हणजे छप्पन्न टक्के होते आणि तरीही तो अनुत्तीर्ण ठरतो. सढळ गुणांनी त्याला वाचवले नाही. उलट आपण कोठे कच्चे आहोत, हे कळण्याची सत्रातील एकमेव संधी त्यांनी हिरावून घेतली.

राहिलेला विषय पुढे नेण्याची सवलत आहे. परंतु तिसऱ्या वर्षात प्रवेश घेण्यापूर्वी पहिल्या वर्षाचे सर्व श्रेयांक पूर्ण करावे लागतात. त्यामुळे पहिल्या सत्रात अडलेले बीजगणित दोन वर्षे पाठीशी लागते आणि त्याच काळात त्याच्याच पायावर उभे असलेले पुढचे विषय शिकावे लागतात.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०२४ पासून संलग्न महाविद्यालयांत आलेल्या रचनेने या पहिल्या सत्राचे महत्त्व वाढवले आहे. पहिल्या वर्षी तीन विषय घ्यायचे आणि दुसऱ्या वर्षी त्यांतून मुख्य विषय निवडायचा, अशी ही पद्धत आहे. निवडीचे स्वातंत्र्य स्वागतार्हच आहे. मात्र त्याचा दुसरा अर्थ असा, की गणित पुढे न्यायचे की सोडायचे, याचा निर्णय विद्यार्थी पहिल्या वर्षाच्या अनुभवावरून घेणार. तो अनुभव केवळ भीतीचा असेल, तर गणिताची आवड असलेली मुलेही वाट बदलतील.

पंचाहत्तर टक्क्यांचे गणित

सत्रासाठी पंचाहत्तर टक्के उपस्थितीची अट विद्यापीठाच्या नियमांत आहे. तीस तासांच्या विषयात पंचवीस टक्के अनुपस्थिती म्हणजे साडेसात तास. नियमानुसार ती क्षम्य आहे. विषयाच्या दृष्टीने मात्र साडेसात तास म्हणजे एक संपूर्ण घटक होय. इतिहासाचे एक प्रकरण चुकले तर पुढचे वाचता येते, विभाज्यता चुकली तर समशेषता कळत नाही.

नांदगाव हा कमी पावसाचा तालुका. मुंबई-भुसावळ लोहमार्गावरील नांदगाव आणि मनमाड ही दोन शहरे सोडली, तर महाविद्यालयात येणारे बरेचसे विद्यार्थी खेड्यांतून एसटीने येतात. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला, तेव्हा ग्रामीण विद्यार्थ्यांचे शिक्षण एका बससेवेवर किती अवलंबून आहे, हे साऱ्या राज्याने पाहिले. कांद्याच्या लागवडीच्या आणि काढणीच्या दिवसांत घरच्या शेतावर मुलांची गरज असते. नियम मोडण्याची हौस म्हणून कोणी गैरहजर राहत नाही. उपस्थितीची अट ढिली करणे हा त्यावरील उपाय नव्हे, कारण गणित वर्गातच शिकावे लागते. बुडालेला तास भरून काढण्याची सोय नियमातच असणे, हा उपाय आहे.

भाषेचा अडसर वेगळाच. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला मसावि, लसावि, बहुपदी, अवयव या संज्ञा परिचित असतात. विज्ञान शाखेत पाऊल ठेवताच त्याच कल्पना इंग्रजी नावांनी भेटतात. सेमी-इंग्रजी वर्गांमुळे संज्ञांची ओळख काहींना आधी झालेली असते. परंतु सिद्धता लिहायची म्हणजे सलग वाक्ये लिहायची आणि तेथे केवळ संज्ञा पुरत नाहीत. इंग्रजी माध्यमाच्या अभ्यासक्रमातही विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत उत्तरे लिहू द्यावीत, असे आवाहन विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये केले. सिद्धता आधी मराठीत मांडून मग इंग्रजीत उतरवण्याची मुभा वर्गात दिली, तरी पुष्कळांची कोंडी फुटेल.

वगळणे सोपे, सावरणे कठीण

गणिताच्या धास्तीवर आजवर शोधले गेलेले उपाय बहुतांशी विद्यार्थ्याला गणितापासून दूर नेणारे आहेत. २०२४ मधील राज्य अभ्यासक्रम आराखड्यात दहावीला गणित किंवा विज्ञानात वीस गुण मिळवणाऱ्यालाही अकरावीत जाऊ द्यावे, मात्र त्याला पुढे त्या विषयाच्या शाखांत प्रवेश नसावा, असे सुचवण्यात आले. त्याआधी २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने काही अभियांत्रिकी शाखांसाठी बारावीच्या गणिताची सक्ती शिथिल केली. या दोन्हींमागील हेतू समजण्यासारखा आहे. एका विषयामुळे कोणाचे शिक्षण थांबू नये. पण पंधराव्या-सोळाव्या वर्षी गुणपत्रिकेवरील एका शेऱ्याने दार बंद करणे आणि मागे पडलेल्याला हात देऊन आत घेणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने दुसरा मार्ग निवडला. तेथील सामुदायिक महाविद्यालयांत प्रवेश घेणाऱ्यांची चाचणी होई आणि कच्च्या विद्यार्थ्यांना आधी श्रेयांक नसलेले पूर्वतयारीचे वर्ग करावे लागत. अनेक जण त्या वर्गांच्या साखळीतच गळून पडत. २०१७ मध्ये संमत झालेल्या कायद्याने शाळेतील कामगिरीच्या आधारे विद्यार्थ्यांना थेट मूळ अभ्यासक्रमात प्रवेश देण्याचे आणि गरजेनुसार त्याच्या जोडीने साहाय्यक वर्ग घेण्याचे धोरण आणले. तयारी नसलेल्यांना थेट वरच्या वर्गात लोटले जाते, अशी टीका त्यावर होत आली आहे. तरीही त्यातील एक सूत्र येथेही उपयोगी पडणारे आहे : मदत अभ्यासक्रमाच्या आधी नव्हे, सोबत हवी.

लेखी अपेक्षा दोन्ही बाजूंच्या

नांदगावच्या शेजारचा तालुका चाळीसगाव. तेथील पाटण येथे शके ११२८ म्हणजे इ. स. १२०७ चा एक शिलालेख आहे. 'बीजगणित' ग्रंथाचे कर्ते भास्कराचार्य यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्याला दान दिले, अशी नोंद त्यात आहे. बाजारातील देण्याघेण्यातून मठाला काय मिळावे, हे शेवटच्या भागात मराठीत कोरले आहे. गणित शिकवायचे तर त्याच्या खर्चाची जबाबदारी कोणाची, हे त्या काळी दगडावर, लोकांच्या भाषेत लिहिले गेले.

आज विद्यार्थ्याची कर्तव्ये लेखी आहेत : उपस्थिती, किमान गुण, श्रेयांक. संस्थेची कर्तव्ये मात्र मूल्यांकन समितीसाठी तयार केलेल्या धारिकांत राहतात. 'अभ्यासक्रमाची फलिते' या नावाने तेथे जे लिहिलेले असते, ते ज्याच्यासाठी लिहिले त्या विद्यार्थ्यापर्यंत क्वचितच पोहोचते. पहिल्याच आठवड्यात एक पानभर मराठी मजकूर प्रत्येकाच्या हाती देणे कठीण नाही. कोणत्या आठवड्यात कोणता घटक, शालेय बीजगणितातील काय येणे गृहीत आहे, बुडालेला तास कोठे भरून मिळेल, तपासलेली उत्तरपत्रिका किती दिवसांत परत मिळेल, एवढे त्यात असले तरी पुरे.

त्याच आठवड्यात शालेय बीजगणिताची बिनगुणांची चाचणी घेता येईल. अंतर्गत पंधरा गुण सत्राच्या अखेरीस एकदम न देता तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून छोट्या चाचण्यांतून देता येतील. घरून सोडवून आणण्याच्या स्वाध्यायांचा अर्थ उरलेला नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर समीकरण धरले की पायऱ्यांसह उत्तर मिळते. त्यापेक्षा पाच मिनिटांच्या तोंडी परीक्षेत 'हे का?' एवढे विचारले, तरी समज किती आहे ते उघड होईल. तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना 'कमवा व शिका' योजनेतून पहिल्या वर्षाच्या मुलांच्या मदतीला बसवण्याचाही विचार विद्यापीठाने करायला हरकत नाही.

या साऱ्याला माणसे लागतात, हे खरे. तासिका तत्त्वावर नेमलेल्या अध्यापकाला ठरलेल्या तासांचे मानधन मिळते. चाचण्या तपासणे, तास भरून काढणे, तोंडी परीक्षा घेणे ही कामे त्या हिशेबात बसत नाहीत. रिक्त जागा भरण्याचा प्रश्न त्यामुळे थेट बीजगणिताच्या निकालाशी जोडलेला आहे आणि तेथे जबाबदारी शासनाची आहे.

पस्तीसपैकी चौदा गुणांची अट खाली आणण्याची गरज नाही. ती कष्टाने गाठता येण्याजोगी आहे. विद्यार्थ्याकडून चाळीस टक्क्यांची अपेक्षा करताना महाविद्यालय, विद्यापीठ आणि शासन यांनी आपल्या वाट्याचे काय केले, याचाही हिशेब त्याच गुणपत्रिकेच्या शेजारी मांडला गेला पाहिजे. तो मांडला नाही, तर बीजगणितात नापास कोण झाले, या प्रश्नाला अर्धेच उत्तर मिळत राहील.