परमुलखातला मास्तर

परदेशी तरुणांना शाळांत इंग्रजी शिकविण्यासाठी बोलावण्याची योजना जपानने १९८७ साली सुरू केली. त्यांचा करार एका वर्षाचा. तो फार तर पाच वर्षांपर्यंत वाढतो. जपानीचे अक्षरही न येणाऱ्या या पाहुण्याला खोली मिळवून देण्यापासून कचरा कोणत्या वारी टाकायचा हे समजावण्यापर्यंत तेथील शिक्षण मंडळाचा माणूस बहुधा पाठीशी असतो. एकटेपणा तरीही चुकत नाही, ही गोष्ट वेगळी.

परमुलखातले मास्तर आपल्याकडेही आहेत. विदर्भ-मराठवाड्यातून नेमणूक घेऊन भिवंडीच्या धामणकर नाक्यावर उतरणाऱ्या शिक्षणसेवकाला यंत्रमागांचा खडखडाट आणि भोवतीची उर्दू, तेलुगू, हिंदी सारेच नवे. प्राथमिक शाळेतील त्याचे मानधन २०२३ साली ६,००० रुपयांवरून १६,००० झाले. तेवढ्यावर त्याने तीन वर्षे काढायची. अनामत, भाडे, खाणावळ आणि गावाकडे धाडायचे पैसे यांचा हिशेब कोणीही करून पाहावा. मास्तरची खोली हा शाळेच्याच कारभाराचा भाग, असे जपानने मानले. येथे नियुक्तिपत्र हाती ठेवले की काम संपले! निदान पहिल्या वर्षापुरती निवासाची सोय शिक्षण खात्याने का करू नये?