फिरंग्यांच्या खडकावर काय खावे?

समुद्रकिनाऱ्यावरच्या मोठ्या हॉटेलांची एक गंमत असते. पाहुण्याने फाटकाबाहेर पाऊल टाकूच नये, अशी त्यांची सारी मांडणी असते. सकाळचा नाश्ता आत, दुपारी पोहण्याच्या तलावाकाठी काहीतरी तळलेले, रात्री बुफे. आपल्याकडचे पाहुणे बरेच असतील तर कोपऱ्यात पनीर आणि पिवळी डाळही हमखास मांडलेली. चार दिवस राहून मंडळी परततात आणि सांगतात, ‘‘समुद्र छान होता, पण जेवणात काही राम नव्हता.’’ पेनांगहून आलेल्या माणसाने असे सांगितले, की हळहळ वाटते. कारण ज्या बेटावर खुद्द मलेशियाची माणसे सुट्टी काढून केवळ खाण्यासाठी येतात, तिथे जाऊन हे उपाशी राहिले!

मलेशियाच्या पश्चिम किनाऱ्यालगत पेनांग बेट आहे. त्याच्या उत्तर किनाऱ्यावर बातू फेरिंगी हे वाळूचे, हॉटेलांचे गाव. मलय भाषेत ‘बातू’ म्हणजे दगड, खडक. आणि ‘फेरिंगी’ म्हणजे आपला जुना ओळखीचा ‘फिरंगी’! पोर्तुगीजांवरून पडलेले हे नाव. पुढे १७८६ मध्ये फ्रान्सिस लाइट या इंग्रजाने बेटावर कंपनीचा झेंडा रोवला आणि जॉर्जटाऊन वसवले. मलय कोळी आणि शेतकरी इथे होतेच. त्यांच्या जोडीला दक्षिण चीनमधले कष्टकरी आले, तामीळ व्यापारी आणि मजूर आले. त्या साऱ्यांच्या चुली दोन शतके शेजारी शेजारी पेटत राहिल्या. आज आपल्या ताटात येते ते त्या शेजाराचे फळ.

म्हणून बातू फेरिंगीत उतरल्यावर ‘चांगले हॉटेल कोणते?’ हा प्रश्न विचारूच नये. चूल कोणाची आणि वेळ कोणती, एवढे दोन प्रश्न विचारावेत. चूल कळली, की पदार्थात काय पडले असेल याचा अंदाज येतो. वेळ कळली, की तो पदार्थ ताजा मिळेल की नाही हे कळते. आपल्यासारख्या कुटुंबात, जिथे आजी शाकाहारी, आजोबा मासेखाऊ आणि नातवंडांना फक्त गोड हवे, तिथे तर हे दोन प्रश्नच उपयोगी पडतात.

सकाळ ‘मामाक’ची. तामीळ मुसलमानांच्या खाणावळीला इथे मामाक म्हणतात, आणि हा शब्द तामीळ ‘मामा’वरून आला. मामाच्या घरी जाऊन तूप-रोटी खायची, ती इथे अक्षरशः खरी होते. रोटी चनाई हा मैद्याचा पापुद्र्यांचा पराठा. कारागीर गोळा हवेत फिरवून रुमालासारखा पातळ करतो, घडी घालतो आणि तव्यावर टाकतो. हे नाव चेन्नईवरून आले की मळण्या-लाटण्याच्या मलय शब्दावरून, यावर दोन्ही बाजूंनी वाद घालणारे भेटतील. आपण गरम असताना खावी. सोबत ‘तेह तारिक’, म्हणजे एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओढत फेसाळलेला, घट्ट दुधाचा चहा. तो फार गोड असतो, म्हणून मागतानाच ‘कुरांग मानिस’, म्हणजे गोड कमी, असे सांगावे. मधुमेह असलेल्यांनी हे दोन शब्द पाठच करावेत.

मलय घरची सकाळ नासी लेमाकची. नारळाच्या दुधात, केतकीच्या जातीच्या पांदान पानासोबत शिजवलेला भात, वर तिखट सांबाल, तळलेली सुकी मासळी, शेंगदाणे, काकडी आणि अंडे. केळीच्या पानात बांधलेल्या छोट्या पुड्या सकाळी विकायला ठेवलेल्या दिसतात. मलेशियाच्या या न्याहारीच्या रीतीची नोंद युनेस्कोने डिसेंबर २०२४ मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत केली. हॉटेलच्या बुफेत पाव भाजत बसलेल्या पाहुण्याला याचा पत्ताही नसतो.

दुपारी वाळूवर ऊन तापते, तेव्हा १०१ क्रमांकाची बस पकडावी. एका बाजूला ती तेलुक बाहांग या कोळ्यांच्या गावी जाते, दुसरीकडे तांजुंग बुंगा आणि गर्नी ड्राइव्हवरून जॉर्जटाऊनला. शहरात जायचे तर नासी कांदारसाठी जावे. ‘कांदार’ म्हणजे कावड. पूर्वी तामीळ मुसलमान विक्रेते खांद्यावरच्या कावडीच्या एका टोकाला भात आणि दुसऱ्या टोकाला कालवण घेऊन दारोदार फिरत. आता कावड गेली, नाव राहिले. भातावर एकच कालवण घ्यायचे नसते. तीन-चार प्रकारांचा रस्सा एकमेकांत मिसळून ओततात, आणि तसा हवा असेल तर ‘बांजिर’, म्हणजे पूर, असे म्हणायचे. १९०७ पासून चालू असलेली हमीदिया ही खाणावळ यातली जुनी. पेनांग रोडलगतच्या गल्लीत १९३६ पासूनची चेंदोलची प्रसिद्ध गाडी आहे. चेंदोल म्हणजे नारळाचे दूध, माडाचा गूळ, लाल राजमा, हिरव्या मऊ शेवया आणि किसलेला बर्फ. कोकणात नारळाच्या गोड रसात शिरवळ्या खाल्लेल्या माणसाला तो पहिल्या घासातच ओळखीचा वाटेल. शिरवळ्यांचे सख्खे भावंडही इथे आहे: तांदळाच्या वाफवलेल्या शेवया, ओले खोबरे आणि गूळ. त्याला ‘पुतु मायाम’ म्हणतात.

पण पेनांगचा खरा मान आसाम लाक्साचा. (‘आसाम’ म्हणजे इथे आंबट, आपल्या आसामशी त्याचा संबंध नाही.) २०११ मध्ये सीएनएनच्या जगातल्या पन्नास चविष्ट पदार्थांच्या यादीत त्याला सातवा क्रमांक मिळाला होता. तांदळाच्या जाड शेवया आणि त्यावर माशाचे आंबट-तिखट सार. त्यातला मासा बहुधा ‘केंबुंग’, म्हणजे आपला बांगडाच! आंबटपणाला चिंच आणि ‘आसाम केपिंग’ नावाच्या वाळवलेल्या फोडी. हे फळ आपल्या कोकमाच्या कुळातले आहे. बांगडा आणि आमसूल ही जोडी इतक्या दूरवर भेटली, की मालवणच्या माणसाला घरच्यासारखे वाटल्यावाचून राहत नाही. वर मात्र अननस, काकडी, पुदिना आणि गुलाबी रानआल्याच्या फुलाची कळी चिरून घातलेली असते. शेवटी कोळंबीचा काळा घट्ट पाक चमच्यात देतात, तो थोडा थोडा कालवून पाहावा. वास उग्र असतो. पहिल्या दोन घासांत नाक मुरडणारे तिसऱ्या घासाला गप्प होतात, आणि काही जण शेवटपर्यंत नाक मुरडतात. त्यांना आग्रह करू नये.

तेलुक बाहांगच्या वाटेवर मसाल्यांची एक बाग आहे, २००३ साली खुली झालेली. तिथे जायफळाचे झाड मुलांना जरूर दाखवावे. आपण बी वापरतो; पेनांगचे लोक फळाचा गरही सोडत नाहीत. तो खारवतात, सुकवतात आणि त्याचे गार सरबत करतात. दुपारच्या उन्हात या सरबतासारखे दुसरे काही नाही.

संध्याकाळी बातू फेरिंगीत रात्रबाजार भरू लागतो आणि खाण्याची खरी वेळ होते. लाँग बीच हे इथले गाड्यांचे अंगण प्रवाशांच्या पायाखालचे आहे. अशा जागेची रीत समजून घेतली, की सारे सोपे. मधे टेबले, कडेने गाड्या, प्रत्येक गाडीचा मालक वेगळा आणि बहुधा त्याचा पदार्थही एक-दोनच. आधी टेबल धरावे आणि त्याचा क्रमांक लक्षात ठेवावा. मग ज्याने त्याने आपल्या आवडीच्या गाडीवर जाऊन मागणी द्यावी आणि क्रमांक सांगावा. ताट टेबलावर येते, तेव्हाच पैसे द्यायचे. पेये विकणारा स्वतंत्र असतो. तो टेबलापाशी आला, की काहीतरी घ्यावेच, कारण बसायच्या जागेची मेहेरबानी बहुधा त्याच्याकडून असते. बक्षिसी द्यायची पद्धत नाही. वडीलधाऱ्या मलय बाईला ‘माकचिक’, पुरुषाला ‘पाकचिक’, चिनी दुकानदाराला ‘अंकल’ किंवा ‘आंटी’ म्हणावे.

एकाच टेबलावर पाच जणांची पाच ताटे, आणि कोणाचे कोणावर बंधन नाही. आपल्या घरातही हे सहज साधत नाही! मोठ्या हॉटेलातल्या एकाच्या बुफेच्या पैशांत इथे घरची तीन-चार माणसे पोटभर जेवतात, हा हिशेबही विसरण्यासारखा नाही.

इथे चार क्वे तियाऊ खावे. तांदळाच्या रुंद पट्ट्या, कोळंबी, शिंपल्यांचे मांस, अंडे आणि मोड आलेले मूग मोठ्या जाळावर झटपट परतलेले. याची सारी गंमत धुराच्या वासात आहे. म्हणून एका वेळी एकच ताट करणाऱ्या गाडीवर दहा मिनिटे थांबावे. एकदम ढीगभर परतून ठेवणाऱ्याकडे जाऊ नये. मात्र चिनी गाडीवर यात डुकराची चरबी असू शकते, आणि ‘होक्कियन मी’ या कोळंबीच्या शेवयांच्या रश्शात डुकराची हाडे असतात. ज्यांना ते नको त्यांनी मामाकची ‘मी गोरेंग’ घ्यावी. ‘पासेंबुर’ नावाचा प्रकार म्हणजे भजी, काकडी, टोफू यांवर रताळे-शेंगदाण्याची गोड तिखट चटणी. आपल्या चाटची दूरची बहीण. मुलांसाठी ‘आपाम बालिक’, शेंगदाण्याचा कूट आणि साखर भरून दुमडलेले कुरकुरीत धिरडे. शेंगदाणे आणि कोळंबी इथे नको तिथे भेटतात, तेव्हा ज्यांना त्यांचे वावडे आहे त्यांनी प्रत्येक वेळी विचारूनच घ्यावे.

आता शाकाहारी मंडळींचा प्रश्न. तो गंभीर आहे, कारण इथे भाजी म्हणजे निव्वळ भाजी नसते. सांबालमध्ये ‘बेलाचान’ ही कोळंबीची वडी असते, चिनी भाजीत कालवांचा पाक असतो, आणि मामाककडच्या ‘दालचा’ नावाच्या डाळीत मटणाची हाडे शिजलेली असतात. नुसते ‘व्हेज’ म्हटल्यावर मान डोलावणारा माणूस अप्रामाणिक नसतो. त्याच्या लेखी वरून मांस दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून नाव घेऊन विचारावे. ‘ताक माउ’ म्हणजे नको. ‘दागिंग’ मांस, ‘लेंबू’ गाय, ‘बाबी’ डुक्कर, ‘इकान’ मासे, ‘उदांग’ कोळंबी, ‘तेलूर’ अंडे. ‘साया माकान सायूर सहाजा’ म्हणजे मी फक्त भाज्या खातो. ‘दागिंग’ असा मोघम शब्द फलकावर असेल तर ते बहुतेक गोमांस समजावे. भाषेची भीती बाळगू नये. इथे साखरेला ‘गुला’ म्हणतात, तो आपला गूळ. चवीला ‘रासा’, तो आपला रस. आणि उपवासाला ‘पुआसा’. रमजानचा पुआसा चालू असताना मलय दुकाने दिवसा बहुतेक बंद असतात, पण संध्याकाळी भरणारा खाण्याचा बाजार चुकवू नये.

शाकाहाऱ्यांची हक्काची जागा जॉर्जटाऊनच्या लिटल इंडियात आहे. इडली-डोसा, केळीच्या पानावरचे जेवण सारे मिळते. पण आजींना इथलेच काहीतरी खायला घालायचे असेल, तर चिनी शाकाहारी दुकाने शोधावीत. ती बौद्ध आणि ताओ रीतीने चालतात. कडक पाळणाऱ्यांच्या स्वयंपाकात कांदा-लसूणही नसतो. मासा किंवा बदकासारखे दिसणारे ताट समोर आले तरी दचकू नये. ते सोयाबीन आणि गव्हाच्या सत्त्वाचे असते.

यातली सर्वांत आनंदाची गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यातले पहिले नऊ दिवस पेनांगचे चिनी लोक नऊ सम्राट देवांचा उत्सव करतात आणि पुष्कळ जण या दिवसांत मांस-मासे वर्ज्य करतात. पिवळी निशाणे लावलेल्या शाकाहारी गाड्या जागोजाग उभ्या राहतात. एरवी चरबीत परतलेले पदार्थही तेव्हा शाकाहारी करून मिळतात. आणि हे नऊ दिवस बहुतेक वर्षी आपल्या नवरात्राशी जुळतात! २०२३ मध्ये दोन्ही १५ ऑक्टोबरला सुरू झाले, २०२४ मध्ये ३ ऑक्टोबरला. शाकाहारी कुटुंबाने पेनांगला जायचे तर याच दिवसांत जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गाड्यांवरची ही माणसे आता वयस्कर होत चालली आहेत. तासन् तास जाळासमोर उभे राहण्याचे काम मुलांना नको असते. पेनांग सरकारने २०१६ पासून स्थानिक पदार्थांच्या गाड्यांवर परदेशी आचारी ठेवायला मनाई केली, ती चव इथल्याच हातात राहावी म्हणून. नियमाने हात टिकतात का, हा वेगळा प्रश्न. एकच पदार्थ आयुष्यभर करणाऱ्या म्हाताऱ्याची गाडी दिसली, तर रांग लांब असली तरी थांबावे. संपले, की ही मंडळी गाडी झाकून सरळ घरी जातात.

जून-जुलैत गेलात तर ड्युरियन मिळेल. काटेरी, फणसाच्या धाकट्या भावासारखे दिसणारे फळ; गर लोण्यासारखा आणि वास असा, की बहुतेक हॉटेलांच्या दारात त्याच्यावर फुली मारलेले चित्र लावलेले असते. तेव्हा ते रस्त्याकडेच्या बाकड्यावर बसूनच खावे, विक्रेत्याकडूनच फोडून घ्यावे आणि हात नीट धुऊन मगच आत जावे.