पीयूसी फेल? ऑक्सिजन सेन्सर बदलण्याआधी मोबाईल काढा

परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी २०२५ मध्ये ‘नो पीयूसी, नो फ्युएल’ धोरण जाहीर केलं. पीयूसी नसेल तर १०,००० रुपयांपर्यंत दंड २०१९ पासून आहेच. म्हणजे बीडमध्ये एमएच-२३ पासिंगची जुनी पेट्रोल कार चालवत असाल, तर टेस्ट फेल होणं आता महागात पडू शकतं.

फेल झालात तर रिजेक्शन स्लिप मागून घ्या. २०२१ च्या नियमात तिची तरतूद आहे. त्यात कार्बन मोनॉक्साइड जास्त दिसला, तर बहुधा इंजिनात गरजेपेक्षा जास्त पेट्रोल जातंय.

पेट्रोल किती सोडायचं हे ईसीयू ठरवतो. त्याला खबर देतो कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी बसवलेला ऑक्सिजन सेन्सर. बऱ्याच गाड्यांत इंजिन गरम झाल्यावर त्याचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ दरम्यान सतत वरखाली होतो. एकाच आकड्यावर अडकला तर गडबड समजा. स्टेअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला ब्लूटूथ स्कॅनर लावला की हे मोबाईलवर दिसतं.

पण पी०१३० कोड आला म्हणजे सेन्सर गेलाच, असं नाही. तुटकी वायर, गंजलेला कनेक्टर, एक्झॉस्टची गळतीही कारण असू शकते. आधी ते बघा, मग सेन्सर बदला आणि पुन्हा टेस्ट द्या.

गाडी न तपासता पीयूसी ‘काढून देणारे’ भेटतील. कागद मिळेल, पण जास्तीचं पेट्रोल जळतच राहील. त्यात कन्व्हर्टर गेला, तर खर्च सेन्सरच्या कितीतरी पट!