शिक्षक घडतो कुठे?

महाराष्ट्रातल्या डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्यातून न्या. जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला. २०१२च्या अहवालात आयोगाने दाखवून दिले, की शिक्षक घडवणाऱ्या संस्थांपैकी सुमारे ९० टक्के खाजगी आहेत. हे प्रशिक्षण विद्यापीठांत यावे, असे आयोगाचे म्हणणे होते. ते आम्हाला पटते, कारण मेळघाटात कोरकू बोलणारे मूल पहिलीत मराठी पुस्तकापुढे गप्प बसते, तेव्हा त्याला मंद ठरवायचे की त्याच्या भाषेतून वाट काढायची, याचे उत्तर पाठ-टाचणात सापडत नाही. भाषाशास्त्र, समाजशास्त्र आणि प्रत्यक्ष वर्ग एकत्र आले, तरच ते सापडते. दिल्ली विद्यापीठाने १९९४मध्ये प्राथमिक शिक्षक घडवणारा चार वर्षांचा बी.एल.एड. हा पदवी अभ्यासक्रम सुरू केला, तो याच विचाराने.

अशा अभ्यासक्रमाचा चार वर्षांचा खर्च गरीब घरच्या मुलामुलींना शिक्षकी पेशापासूनच दूर ठेवील, हा आक्षेप खरा आहे, आणि समतेच्या नावाने तो झटकून टाकणे अन्यायाचे होईल. पण त्यासाठी प्रशिक्षण आखूड केले, तर किंमत मोजतात पुन्हा तीच मुले, ज्यांच्या घरी शिकवणारे दुसरे कोणी नसते. म्हणून कात्री अभ्यासक्रमाला नको. विद्यावेतन आणि वसतिगृह हवे. आणि प्रशिक्षण विद्यापीठांत आणायचे, तर त्यांच्या शिक्षणशास्त्र विभागांतल्या रिक्त जागाही आधी भराव्या लागतील.